लिनक्स होम थिएटरसाठी ग्राफिक्स कार्ड घ्यावे की एन१०० चा छोटा संगणक?

आमच्या दिवाणखान्यात टीव्हीखाली गेली अनेक वर्षे लिनक्सवर चालणारा एक संगणक आहे. घरातील लग्नांच्या जुन्या कॅसेटींवरून उतरवून घेतलेली चित्रणे, विकत घेतलेल्या डिस्कवरचे चित्रपट आणि छतावरील डिशमधून ट्यूनर कार्डावर येणाऱ्या डीडी फ्री डिशच्या वाहिन्या हे सारे त्याच्यावर कोडी या प्रणालीतून पाहिले जाते. जुना टीव्ही १०८०पीचा होता, तोवर कशाचीच अडचण नव्हती. मागील वर्षी ४के आणि एचडीआर (उजेड-अंधाराचा व रंगांचा अधिक मोठा पल्ला) असलेला टीव्ही घरात आला आणि जुन्या डेस्कटॉपमध्ये नवे कार्ड बसवावे की सगळेच बदलावे, हा प्रश्न उभा राहिला. उत्तर शोधण्यासाठी मी चार पर्याय एकाच टीव्हीला, एकाच केबलने आणि त्याच त्या फायलींनिशी जोडून पाहिले: माझ्याकडे आधीपासून असलेले एनव्हिडियाचे जीटी १०३० कार्ड, मित्राकडून पंधरा दिवसांसाठी आणलेले एएमडीचे रॅडिऑन आरएक्स ६४००, इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा तळहाताएवढा मिनी पीसी आणि रास्पबेरी पाय ५. शेवटी मिनी पीसी ठेवून घेतला. तो का ठेवला आणि कोणत्या परिस्थितीत तो घेऊ नये, हे येथे सविस्तर मांडतो.

दुकानात ‘सिनेमा पाहण्यासाठी कार्ड हवे’ असे म्हटले की विक्रेता गेम खेळण्याच्या ताकदीवरून कार्डे दाखवू लागतो, आणि गल्लत तेथूनच सुरू होते. चित्रपटाची फाइल उलगडण्याचे काम कार्डाचे ते शेकडो गाभे (कोअर) करतच नाहीत. त्यासाठी चिपवर एक वेगळा, ठरावीक कामापुरता घडवलेला विभाग असतो. इंटेल त्याला क्विक सिंक म्हणते, एनव्हिडिया एनव्हीडेक म्हणते आणि एएमडी व्हीसीएन म्हणते. या विभागाला एखादे स्वरूप, म्हणजे चित्रण दाबून साठवण्याची पद्धत (कोडेक), उलगडता येत असेल तर ४के चित्रपट चालू असताना प्रोसेसर जवळजवळ मोकळा बसलेला दिसतो, आणि येत नसेल तर सारा भार प्रोसेसरवर पडून चित्र अडखळते व पंखा ओरडू लागतो. कार्ड महाग आहे म्हणून हा विभाग चांगला असेलच, असे नाही. आरएक्स ६४०० हे याचे ठळक उदाहरण आहे. हे कार्ड २०२२ साली बाजारात आले, पण त्याच पिढीतील मोठ्या भावंडांना येणारे एव्ही१ स्वरूप त्याला उलगडता येत नाही. यूट्यूब १०८०पीच्या पुढची चित्रे व्हीपी९ किंवा एव्ही१ मध्येच देते, त्यामुळे आज नव्याने पैसे घालताना ही उणीव लहान समजता येणार नाही.

म्हणून किमतीकडे पाहण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात, असे माझे मत झाले आहे. त्या विभागाला कोणकोणती स्वरूपे येतात, लिनक्सचा ड्रायव्हर तो विभाग आपल्याला वापरू देतो का, आणि कार्डामागच्या एचडीएमआय पोर्टातून टीव्हीपर्यंत नेमके काय पोहोचते. पहिली गोष्ट खोक्यावर छापलेली असते, तिसरी अर्धवट छापलेली असते आणि दुसरी कोठेच छापलेली नसते. लिनक्स वापरणाऱ्याचे निम्मे कष्ट त्या दुसऱ्या गोष्टीपायी होतात.

जीटी १०३० बद्दल मला मनापासून आदर आहे. २०१७ साली आलेल्या या कार्डाच्या काही आवृत्त्या पंख्याविना येतात, १०-बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ ही दोन्ही स्वरूपे त्याला येतात, आणि एचडीएमआय २.० पोर्ट असल्यामुळे ४के चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवता येते. लिनक्सवर चित्रपट पाहणाऱ्या जुन्या मंडळींना एनव्हिडियाची सवय आहे आणि त्याला कारणही आहे. २००८ साली या कंपनीने चित्रण उलगडण्याचे काम कार्डाकडे सोपवणारे व्हीडीपीएयू हे तंत्र आणले आणि पुढची कित्येक वर्षे स्वस्त होम थिएटर संगणकासाठी दुसरे नाव घेण्याची गरजच पडली नाही. ॲटम प्रोसेसर आणि आयन चिपसेट असलेले छोटे डबे त्या काळी एक्सबीएमसीसाठी, म्हणजे २०१४ साली ज्याचे नाव कोडी झाले त्या प्रणालीसाठी, आवर्जून घेतले जात. इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींच्या अर्धचौकटींतून येणारे, चित्र सुधारण्याची व्हीडीपीएयूची हातोटी तर आजही वाखाणण्यासारखी आहे.

परंतु ड्रायव्हर बंदिस्त असला की कार्डाचे आयुष्य कंपनी ठरवते. जीफोर्स ८, ९ आणि २०० मालिकांना चालणारी ३४० ही ड्रायव्हर शाखा २०१९ अखेर थांबली. फर्मी पिढीची ३९० शाखा २०२२ अखेर थांबली. जीटी १०३० ज्या पास्कल पिढीतले आहे तिच्यासाठी ५८० ही शेवटची शाखा असेल, असे कंपनीने जाहीर केले आहे. कंपनीने २०२२ पासून खुले केलेले कर्नल मॉड्यूलही (कर्नल म्हणजे लिनक्सचा मूळ भाग) ट्युरिंग आणि त्यानंतरच्या पिढ्यांसाठीच आहेत, पास्कलला त्यांचा उपयोग नाही. कार्ड उद्या बंद पडणार नाही हे खरे, पण कर्नल पुढे सरकत राहील आणि ड्रायव्हर मागे राहील, आणि एखाद्या अद्ययावतीकरणानंतर काळा पडदा पाहण्याची वेळ येऊ शकेल. शिवाय व्हीडीपीएयू हे एक्स११ या, लिनक्सवर पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या जुन्या व्यवस्थेच्या काळातले तंत्र आहे आणि तिच्या जागी येणाऱ्या वेलँडवर त्याला जागा नाही. लिब्रेईलेक ही टीव्हीसाठीची आटोपशीर लिनक्स आवृत्ती मार्च २०२३ मधील ११ व्या प्रकाशनापासून आपली मुख्य प्रतिमा, म्हणजे पेनड्राइव्हवर घालायची प्रणालीची फाइल, एक्स११ विना थेट पडद्यावर चित्र देणाऱ्या जीबीएम पद्धतीवर घेऊन गेली. इंटेल आणि एएमडीवर एचडीआर मिळू लागले ते त्यामुळेच, तर एनव्हिडियाच्या कार्डांसाठी एक्स११ ची ‘जेनेरिक-लेगसी’ ही वेगळी प्रतिमा उरली. माझ्या टीव्हीला एचडीआर आहे, म्हणून निव्वळ या एका कारणाने जीटी १०३० मागे पडले. टीव्ही १०८०पीचा असेल आणि हे कार्ड घरात असेल, तर मात्र ते काढून टाकण्याची मुळीच घाई करू नये.

आता एन१०० कडे वळतो. जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या या प्रोसेसरला चार गाभे आहेत, त्याची नोंदलेली उष्णता-मर्यादा अवघी ६ वॅट आहे आणि त्यातील अंगभूत ग्राफिक्सला एच.२६४, १०-बिट एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ ही चारही स्वरूपे उलगडता येतात. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडीसह हा डबा मला १६,००० रुपयांच्या आत पडला. जुन्या डेस्कटॉपमध्ये एव्ही१ येणारे कार्ड घालायचे म्हटले तरी खर्च त्याच्या आसपास गेला असता, आणि डेस्कटॉपचे धूड टीव्हीखाली तसेच राहिले असते.

इंटेलचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, त्यामुळे वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. पडद्यावर चित्र येण्यापुरते सगळे कर्नलमध्ये असते. चित्रपट उलगडणाऱ्या विभागापर्यंत पोहोचण्यासाठी मात्र व्हीए-एपीआय हा दुवा लागतो आणि त्याचा ड्रायव्हर स्वतंत्र असतो. इंटेलचे असे दोन ड्रायव्हर आहेत. आय९६५ हा जुना आहे आणि आयएचडी हा ब्रॉडवेल व त्यानंतरच्या चिपांसाठीचा नवा. एन१०० ला नवाच लागतो. डेबियन या लिनक्स आवृत्तीवर त्याचे मुक्त आणि ‘नॉन-फ्री’ असे दोन प्रकार मिळतात, त्यांतील दुसरा घ्यावा. एएमडीचे कार्ड आणि फेडोरा ही लिनक्स आवृत्ती अशी जोडी असलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पेटंटच्या कारणाने फेडोराने २०२२ साली, ३७ व्या आवृत्तीपासून, मेसा या खुल्या ग्राफिक्स ड्रायव्हर-संचामधील एच.२६४ आणि एचईव्हीसीचा हार्डवेअर आधार काढून टाकला, त्यामुळे आरपीएम फ्यूजन या भांडारातून ‘फ्रीवर्ल्ड’ नावाचे पॅकेज घातल्यावाचून उत्तम कार्डही निष्प्रभ दिसते.

सगळे नीट बसले आहे की नाही, हे पाहण्याचा मार्ग सोपा आहे. टर्मिनलवर ‘व्हीएइन्फो’ ही आज्ञा द्यावी. समोर येणाऱ्या यादीत ‘एचईव्हीसीमेन१०’ आणि ‘एव्ही१प्रोफाइल०’ ही नावे असावीत आणि त्यांच्यासमोर ‘व्हीएलडी’ हा शब्द असावा. व्हीएलडी म्हणजे उलगडण्याचे दार. तेथे फक्त ‘एनकस्लाइस’ दिसत असेल, तर ती सोय चित्रण दाबून साठवण्याची आहे, पाहण्याची नाही. त्यानंतर कोडीमध्ये चित्रपट चालू असताना कीबोर्डवरील ‘ओ’ हे अक्षर दाबावे. पडद्यावर उमटणाऱ्या माहितीत डीकोडरच्या नावापुढे ‘व्हीएएपीआय’ आणि ‘एचडब्ल्यू’ ही अक्षरे आली की जिंकलो. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती आली नव्हती, कारण कोडीच्या प्लेअर सेटिंगमध्ये व्हीए-एपीआय बंद होते आणि चारही गाभे जिवाच्या आकांताने एकच चित्रपट ओढत होते. एक खूण केल्यावर तोच चित्रपट लोण्यासारखा सरकू लागला.

यानंतरचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण परीक्षणांत तो फारसा येत नाही आणि भारतातल्या प्रेक्षकाला तर तो रोज भेटतो. टीव्हीचा पडदा सेकंदाला किती वेळा ताजा होतो आणि चित्रण किती चौकटींचे आहे, यांचा मेळ बसला पाहिजे. चित्रपट बहुतांशी सेकंदाला २३.९७६ किंवा २४ चौकटींचे असतात. आपल्याकडचे दूरचित्रवाणी प्रक्षेपण २५ चौकटींचे, म्हणजे इंटरलेस्ड असेल तर ५० अर्धचौकटींचे असते. संगणक मात्र स्वतःहून टीव्हीला ६० हर्ट्‌झचे चित्र पाठवतो. मग २४ चौकटींतली एक तीनदा आणि पुढची दोनदा दाखवावी लागते आणि कॅमेरा संथपणे वळताना दृश्य हिसके देत जाते. २३.९७६ ऐवजी नेमका २४ हर्ट्‌झचा दर पाठवला, तरी दर ४१-४२ सेकंदांनी एक चौकट दोनदा दाखवावी लागते आणि सवयीच्या डोळ्याला ती ठेच कळते. इंटेलच्या जुन्या सँडी ब्रिज पिढीत हाच दोष होता, त्यामुळे ‘सिनेमासाठी इंटेल नको’ हा समज कित्येकांच्या मनात अजून टिकून आहे. एन१०० वर मला ही ठेच दिसली नाही.

माझी कसोटी साधी होती. डिशवरून मुद्रित केलेल्या सह्याद्री वाहिनीच्या बातम्यांतला, खाली मजकुराची पट्टी सरकत असलेला दोन मिनिटांचा तुकडा मी चारही पर्यायांवर लावला. इंटरलेस्ड चित्र नीट जुळवले गेले नाही, तर पहिला घाव शिरोरेषेवर पडतो. सरकणाऱ्या अक्षराची आडवी रेघ नुसती थरथरते, पण काना आणि वेलांटीची उभी रेघ कंगव्याच्या दात्यांसारखी फाटते, आणि ‘कि’ व ‘की’ यांतला फरक डोळ्यांना लावता येत नाही. जुळवणी झाली पण ५० ऐवजी २५ चौकटीच केल्या, तर अक्षरे अखंड दिसतात, मात्र पट्टी पायऱ्या उतरल्यासारखी टप्प्याटप्प्याने सरकते. एन१०० वर कोडीमध्ये ‘मोशन ॲडॅप्टिव्ह’ पद्धत निवडली आणि टीव्ही ५० हर्ट्‌झवर गेला, तेव्हा ती पट्टी पाण्यासारखी वाहिली. वडिलांनी चष्मा न लावता ती वाचली. जीटी १०३० ही या कसोटीत तितकेच उत्तम उतरले आणि आरएक्स ६४०० किंचितच मागे राहिले. लग्नाच्या कॅसेटींवरच्या चित्रणातही हाच अनुभव आला. अक्षता टाकतानाचे हात पूर्वी दुहेरी दिसत, ते आता एकसंध दिसतात.

यासाठी कोडीच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी कराव्या लागतात. ‘ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ हा पर्याय चित्रपट सुरू होताना व संपताना बदलेल असा ठेवावा आणि डिस्प्लेच्या ‘व्हाइटलिस्ट’मध्ये २३.९७६, २४, ५०, ५९.९४ व ६० हे दर टिकमार्क करावेत. प्रत्येक बदलाच्या वेळी टीव्ही क्षणभर काळा होतो, त्याला घाबरू नये.

पोर्टाच्या बाबतीत सध्या बराच गाजावाजा आहे, तो थोडा बाजूला ठेवण्याजोगा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये एचडीएमआय फोरमने एएमडीचा खुल्या ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ आणण्याचा प्रस्ताव नाकारल्याचे समोर आले. त्यामुळे एएमडीच्या कार्डावर छापलेले २.१ आणि तेव्हाच्या लिनक्स ड्रायव्हरवर प्रत्यक्षात मिळणारी क्षमता यांत अंतर पडले, आणि ४के १२० हर्ट्‌झ हवे असणाऱ्यांना डिस्प्लेपोर्टवरून ॲक्टिव्ह ॲडॅप्टर लावण्याची वेळ आली. गेम खेळणाऱ्यांसाठी ही अडचण मोठी आहे. चित्रपट पाहणाऱ्यासाठी ती जवळजवळ नाहीच, कारण २४ चौकटींचे ४के एचडीआर चित्र पूर्ण रंगांसह एचडीएमआय २.० च्या १८ गिगाबिटांत सहज मावते. ४के ६० हर्ट्‌झ आणि १०-बिट एकत्र हवे असतील, तेव्हाच रंगांची माहिती कमी करून पाठवावी लागते, आणि तसे केल्यावर चित्रपटात काही जाणवत नाही, पण डेस्कटॉपवरील लाल किंवा निळ्या अक्षरांच्या कडा पसरट दिसतात. खरी दक्षता घ्यायची ती जुन्या, स्वस्त मिनी पीसींच्या बाबतीत. ‘४के सपोर्ट’ असे लिहिलेले असले तरी आत एचडीएमआय १.४ असेल, तर ४के फक्त ३० हर्ट्‌झपर्यंतच मिळते आणि ४केवर वाहिन्यांसाठी लागणारे ५० हर्ट्‌झ मिळतच नाही.

केबलनेही मला चार दिवस छळले. एका विक्रेत्याने ‘४के’ म्हणून दिलेली पाच मीटरची केबल १०८०पीला निर्दोष चालत होती, पण एचडीआर चित्रपट लावला की अंधाऱ्या दृश्यात पांढरे ठिपके चमकत आणि मधूनच पडदा सेकंदभर जाई. मी ड्रायव्हरला दोष देत दोनदा सगळी प्रणाली नव्याने टाकली. अखेर ‘प्रीमियम हायस्पीड’ प्रमाणपत्राची दोन मीटरची केबल लावली आणि तक्रार संपली. टीव्हीतही त्या पोर्टासाठी वाढीव रंगक्षमतेचा पर्याय वेगळा सुरू करावा लागतो, हे कित्येकांना ठाऊक नसते. प्रत्येक कंपनी त्याला निराळे नाव देते, पण तो बहुधा चित्राच्या नव्हे तर इनपुटच्या सेटिंगमध्ये सापडतो.

एन१०० ला जे जमत नाही तेही सांगायला हवे. डॉल्बी व्हिजन हा एचडीआरचा प्रकार लिनक्सवरील कोडीमध्ये पीसी हार्डवेअरवर मिळत नाही. ज्या फायलींत साध्या एचडीआर१० चा थर असतो त्या नीट दिसतात, पण तो थर नसलेल्या प्रोफाइल ५ च्या फायलींत माणसांचे चेहरे हिरवे-जांभळे होतात. एमपीव्ही हा प्लेअर त्या फायलींचे रंग बऱ्यापैकी सावरतो, मात्र तो हे काम ग्राफिक्सच्या गाभ्यांकडून करून घेतो आणि तेथे एन१०० चे चोवीस छोटे एकक लवकर दमतात. एमपीव्हीमधील उंची प्रतीचे स्केलिंग ज्यांना हवे आहे, म्हणजे जुने १०८०पी चित्रपट ४के पडद्यावर शक्य तितके देखणे करून पाहण्याची ज्यांना हौस आहे, त्यांनी मात्र खरोखरच वेगळे कार्ड घ्यावे, आणि त्यासाठी एव्ही१ येणारे इंटेलचे आर्क ए३१० किंवा ए३८० पाहावे.

ओटीटीच्या बाबतीत कोणत्याही कार्डाने फरक पडत नाही. मोठ्या कंपन्यांचे ४के चित्रण वाइडव्हाइन या चोरी रोखणाऱ्या कुलूप-व्यवस्थेच्या, हार्डवेअरमध्ये सुरक्षित केलेल्या एल१ पातळीवर मिळते आणि लिनक्सच्या ब्राउझरला एल३ ही खालची पातळीच मिळते. आम्ही त्या मालिका टीव्हीच्या स्वतःच्या ॲपवर पाहतो. ज्या घरात निव्वळ ओटीटीच पाहिले जाते, तेथे लिनक्सचा संगणक टीव्हीखाली ठेवण्यासाठी एक रुपयाही खर्च करू नये.

रास्पबेरी पाय ५ बद्दल थोडक्यात. ४के एचईव्हीसी तो सुरेख उलगडतो, पण पाय ४ वर असलेला एच.२६४ चा हार्डवेअर विभाग यातून काढून टाकला आहे, आणि एव्ही१ व व्हीपी९ तर नाहीतच. १०८०पीचे एच.२६४ त्याचा प्रोसेसर ओढून नेतो. त्याची एक गोष्ट मात्र मिनी पीसीकडे नाही. टीव्हीचाच रिमोट कोडीला चालवणारी सीईसीची सोय पायच्या पोर्टात असते, तर पीसीच्या पोर्टात ती बहुधा जोडलेलीच नसते. आई दोन रिमोट हाताळायला तयार नव्हती, म्हणून मला पल्स-एटचा यूएसबी-सीईसी ॲडॅप्टर वेगळा घ्यावा लागला. मिनी पीसीच्या किमतीत तो खर्च धरूनच हिशेब करावा.

माझ्या डब्याचा छोटा पंखा रात्रीच्या शांततेत बारीक शिटी घालतो, ही एक तक्रार उरतेच. बायोसमध्ये पंख्याची गती उशिरा वाढेल असे ठरवल्यावर चित्रपट पाहताना तो बहुतेक वेळ ऐकू येत नाही, पण ज्यांना शक्य आहे त्यांनी याच प्रोसेसरचा पंखाविरहित, धातूच्या खोक्यातला मिनी पीसी शोधावा. खरेदीला जाताना पेनड्राइव्हवर लिब्रेईलेकची मुख्य प्रतिमा आणि आपल्याच संग्रहातील तीन फायली घेऊन जाव्यात: एक ४के एचडीआर चित्रपटाची, एक एव्ही१ची आणि एक सरकत्या पट्टीच्या बातम्यांची. इन्स्टॉल न करता लिब्रेईलेक पेनड्राइव्हवरूनही चालवता येते आणि तेव्हा ती आतल्या डिस्कला हात लावत नाही, त्यामुळे मला भेटलेल्या दोन्ही दुकानदारांनी त्याला आनंदाने होकार दिला.